कोल्ड डॉर्म की चार खोल्या?

अमेरिकेत विद्यापीठांच्या गावांमध्ये पुढच्या ऑगस्टमध्ये कुठं राहायचं, हे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच ठरवून टाकावं लागतं. इलिनॉयमधलं शॅम्पेन-अर्बाना घ्या, विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन घ्या, नाहीतर मिशिगनमधलं ॲन आर्बर. मेपलची पानं पुरती गळलेली नसतात आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुली बारा महिन्यांच्या भाडेकरारावर सह्या करत असतात. ज्यांच्याबरोबर सही करायची त्यांच्याशी ओळख कधीकधी दोन महिन्यांचीच असते. जागा हातची जाईल या धाकानं घाई होते आणि घरमालक त्या घाईला हवा देत राहतात. ॲन आर्बरमध्ये तर राहता भाडेकरू असताना घर दुसऱ्यांना किती लवकर दाखवायचं, यावर नगर परिषदेला नियम करावा लागला आणि २०२१मध्ये तो आणखी कडक करावा लागला.

माझी भाची शॅम्पेनला दुसऱ्या वर्षात होती तेव्हा तिच्यासमोर दोन कागद होते. एक तिच्या सरॉरिटीचा : तिसऱ्या वर्षीही हाऊसमध्येच राहा. दुसरा ग्रीन स्ट्रीटजवळच्या चार खोल्यांच्या अपार्टमेंटचा, तीन मैत्रिणींबरोबर. तिच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं, मत ठाम. "स्वयंपाकी आहे, देखरेखीला बाई आहे, सगळ्या मुलीच मुली. हॉस्टेल म्हणजे आणखी काय असतं?" भाऊजींनी एक्सेलमध्ये दोन रकाने काढून बेरजा मारल्या होत्या. भाची म्हणाली, "मावशी, तू लिहितेस ना, मग लिहीच यावर. फक्त माझं नाव नको आणि हाऊसचंही नको." म्हणून इथं दोन्ही नाहीत.

सरॉरिटी म्हणजे विद्यार्थिनींची सभासदत्वावर चालणारी संघटना. नावं ग्रीक अक्षरांची, शाखा देशभर, आणि सभासद एकमेकींना 'सिस्टर' म्हणणार. जॉर्जियातल्या मेकनच्या महिला कॉलेजात १८५१मध्ये सुरू झालेली अडेल्फियन सोसायटी पुढे अल्फा डेल्टा पाय झाली. इंडियानातल्या ग्रीनकॅसलला १८७०मध्ये काप्पा अल्फा थीटा निघाली. त्या काळात कॉलेजं मुलींना वर्गात बसू देऊ लागली होती, पण राहायची सोय ज्याची त्यानं बघायची. गावातल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत खोली घ्यायची, किंवा कुणाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या घरी, तोही पत्रांतून जुळलेल्या स्नेहाच्या बळावर. आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या १८८६मध्ये. त्याच वर्षी सिरॅक्यूजला अल्फा फाय या सरॉरिटीनं स्वतःचं घर बांधलं. मुलींनी कुणाच्या मेहेरबानीवर राहू नये, स्वतःच्या छपराखाली राहावं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आज या घरांकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी, त्यात मीही आले, एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

या संघटनांची शिखर परिषद १९०२मध्ये स्थापन झाली. तिच्या छत्राखाली आज २६ राष्ट्रीय सरॉरिटी आहेत. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सरॉरिटी वेगळ्या. त्यांतली अल्फा काप्पा अल्फा १९०८ची, हॉवर्ड विद्यापीठातली, कमला हॅरिस तिच्या सभासद. या वेगळेपणामागचं कारण सांगायला नकोच. अलाबामा विद्यापीठातल्या जुन्या सरॉरिटी जवळपास पूर्णपणे गोऱ्या होत्या आणि तशा राहाव्यात म्हणून माजी सभासद बायका कृष्णवर्णीय मुलींची नावं कापत होत्या, हे तिथल्या 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थी वृत्तपत्रानं २०१३च्या सप्टेंबरात छापलं. लिंगभेदाला बंदी करणारा शिक्षण कायदा १९७२चा, पण १९७४च्या दुरुस्तीनं या संघटनांना 'फक्त मुलींच्या' राहण्याची मोकळीक दिली.

प्रवेशाचा आठवडा म्हणजे रश. २०२१च्या ऑगस्टमध्ये अलाबामाच्या रशचे व्हिडिओ टिकटॉकवर जगभर पाहिले गेले, त्यामुळे दारात एकीवर एक रचलेल्या, टाळ्या वाजवत गाणाऱ्या मुलींचं दृश्य आपल्याकडेही पोचलं आहे. भाचीच्या मते खरं काम त्या दारामागे चालतं. इच्छुक मुलीला ठरावीक मिनिटं एकीशी बोलायचं, मग दुसरी येऊन अलगद पहिलीची जागा घेते. मुलगे, दारू, धर्म, पैसा आणि राजकारण हे विषय काढायचे नाहीत असा अलिखित दंडक. "मग उरलं काय?" मी विचारलं. "कुत्री," भाची म्हणाली. "सगळ्या जणी आपापल्या कुत्र्यांविषयी बोलतो."

शेवटच्या फेरीनंतर मुलगी आपल्या पसंतीची घरं क्रमानं लिहून देते, घरं आपल्या मुलींची यादी देतात आणि दोन्ही याद्यांची जुळणी होते. वधुवर सूचक मंडळाच्या कामासारखंच हे काम. फरक इतकाच की, इथं दोन्हीकडची उत्तरं एकाच रात्रीत लागतात. या जुळणीवर सुझन माँगेल आणि ॲल्विन रॉथ यांनी १९९१मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त निबंध लिहिला होता. नियमांप्रमाणे पाहिलं तर ही पद्धत कोसळायला हवी. ती टिकते, कारण बऱ्याच मुली यादीत एकच नाव लिहून जुगार खेळतात, हे त्यांनी दाखवलं. रॉथ यांना २०१२मध्ये लॉइड शॅप्ली यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच दुहेरी जुळण्यांच्या अभ्यासासाठी.

पण आपला विषय रश नाही. रशमध्ये मुलगी बहिणी निवडते, घराचा प्रश्न वर्षभरानं येतो. आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कुणी नीट समजावून सांगत नाही.

भाचीनं मला तिचं हाऊस आतून दाखवलं. दर्शनी भाग खांबांचा आणि पांढरा. खाली पियानो, गालिचे, भिंतींवर दर वर्षीच्या सभासदांच्या छोट्या फोटोंच्या तसबिरी. बाजूला हाऊस मॉमची खोली. या बाई पगारी असतात, तिथंच राहतात. किराणा, नळ-दुरुस्ती, आजारी मुलीला दवाखान्यात नेणं सगळं बघतात. स्वयंपाकघराला कुलूप. संध्याकाळी वर्ग असेल तर फळ्यावर नाव लिहायचं, म्हणजे 'लेट प्लेट' झाकून ठेवतात. सोमवारी सगळ्यांनी नीटनेटके कपडे घालून जेवायचं, मग सभा. गैरहजर राहिलं तर गुण कापले जातात, कुठं कुठं दंडही होतो. शिखर परिषदेच्या सरॉरिटींच्या घरांत दारूला मज्जाव, आणि नळ दुरुस्त करायला कुणी पुरुष वर आला तर मजलाभर ओरडून सांगायची पद्धत.

मी थबकले ती तिसऱ्या मजल्यावर. मिडवेस्टमधल्या बऱ्याच जुन्या घरांत झोपायचा एकच मोठा हॉल असतो, त्याला 'कोल्ड डॉर्म' म्हणतात. दुमजली लोखंडी पलंगांच्या रांगा, दिवा कायम बंद, आणि खिडक्या उघड्या. बाहेर बर्फ असलं तरी उघड्याच. प्रत्येकीच्या गादीवर विजेचं ब्लँकेट, गजर वाजवायचा नाही, फोन उशीखाली थरथरला की उठायचं. कपडे, पुस्तकं, टेबल हे खालच्या खोल्यांत, तीन-चार जणींत एक खोली. मोकळ्या हवेत झोपलं की आजार होत नाहीत, अशी शंभर वर्षांपूर्वीची समजूत. ती गेली, पण झोपायची रीत मागे राहिली. "इथं मला जशी झोप लागते तशी कुठंच लागत नाही," भाची कुजबुजली, कारण भर दुपारीही दोघीतिघी झोपलेल्या होत्या. पुण्यात कॉट बेसिसवर दिवस काढलेल्या मला यात नवल वाटायला नको होतं, पण ती उघडी खिडकी काही केल्या पटेना.

हाऊसमधलं खरं सुख या सगळ्यात नाही, असं मला तिथं वावरताना वाटलं. सुख हे की, तिथं भांडायला तिसरा कुणीतरी असतो. बेसिन तुंबलं तर हाऊस मॉम आहे. शेजारची मुलगी रात्री दोनला फोनवर हसते तर शिस्त बघणारी समिती आहे. जेवण बेचव असेल तर मेनूची तक्रार घेणारी पदाधिकारी आहे. चाळीस-पन्नास मुली एका छपराखाली राहूनही एकमेकींच्या झिंज्या उपटत नाहीत, कारण राग नियमावलीवर काढता येतो. मैत्रीला घर चालवावं लागत नाही.

याची किंमत मात्र आहे, आणि ती फक्त डॉलरची नाही. हे घर बहुतेक वेळा माजी सभासदांनी चालवलेल्या गृह-मंडळाच्या मालकीचं असतं. त्यावर कर्ज असतं, विमा असतो, स्वयंपाक्याचा पगार असतो. पलंग रिकामा राहिला की हिशेब कोलमडतो. म्हणून सभासद होतानाच मुलीकडून लिहून घेतात की, जागा रिकामी असेल तर तिनं अमुक वर्षं घरात राहिलंच पाहिजे. पदाधिकारी मुलींना तर राहावंच लागतं. बाहेर राहायची परवानगी मिळाली तरी जेवणाचे, दिवाणखान्याचे म्हणून वेगळे पैसे द्यावे लागतात. भाचीच्या हाऊसमध्ये परवानगी गुणांवर मिळत होती. जी मुलगी सगळ्या सभांना, समाजकार्याला, गाण्याला हजर राहिली तिचे गुण जास्त, आणि जिचे गुण जास्त तिला आधी बाहेर पडता येणार. घरावर सर्वांत जास्त जीव लावणारीला बक्षीस काय, तर घर सोडायची मुभा. मला हसू आवरेना. ताईला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

आता दुसरा कागद. मैत्रिणींच्या घराचं आकर्षण भाचीच्या बाबतीत एका शब्दात सांगता येतं : फोडणी. हाऊसच्या कुलूपबंद स्वयंपाकघरात तिला साधं पोह्यांना मोहरी तडतडवता आली नव्हती. अर्थात अमेरिकन अपार्टमेंटमध्येही फोडणी म्हणजे छतावरचा धुराचा भोंगा बोंबललाच म्हणून समजा. तिची एक मैत्रीण खुर्चीवर चढून टॉवेल हलवत उभी राहते, तेव्हा दुसरी तेलात हिंग टाकते. पण रात्री अकराला खिचडी टाकता येणं, आईला व्हिडिओवर कुकर दाखवणं, भाऊ आला तर त्याला सोफ्यावर झोपवणं, हे सगळं त्या चार खोल्यांत होतं.

आणि भांडी होती. मैत्रिणींच्या घराची नौका फुटते ती भांड्यांच्या खडकावर, हे मी ज्या ज्या मुलींशी बोलले त्या सगळ्यांनी सांगितलं. मॅडिसनला राहिलेली, मूळ नाशिककडच्या कुटुंबातली एक मुलगी म्हणाली, "स्प्लिटवाइजवर वीजबिल वाटता येतं हो, पण सिंक कसं वाटणार? मी तीन दिवस तिची कढई घासली नाही. चौथ्या दिवशी तिनं ती माझ्या पलंगावर ठेवली." पहिल्या वर्षी एकाच ताटात जेवणाऱ्या त्या दोघी आता बोलत नाहीत. हाऊसमध्ये ही कढई कुणाचीच नसती.

सिंकपेक्षा भारी गोष्ट करारात असते, तीही बारीक अक्षरांत. चौघींनी मिळून एका करारावर सही केली की जबाबदारी संयुक्तही असते आणि प्रत्येकीची स्वतंत्रही. एकीला जानेवारीत स्पेनला सत्र करायला जायचं झालं, एकीनं शिक्षण सोडलं, एकीचं तिच्या मित्राबरोबर राहायचं ठरलं, तर तिचं भाडं घरमालक उरलेल्यांकडून, किंवा उरलेल्यांतल्या एकीकडूनच, मागू शकतो. शैक्षणिक वर्ष नऊ महिन्यांचं आणि करार बारा महिन्यांचा, त्यामुळे उन्हाळ्यात पोटभाडेकरू शोधत फिरायचं, तेही अर्ध्या भाड्यात. विद्यार्थिनींना स्वतःचा पतइतिहास नसतो, म्हणून हमीदार आईवडील. मोठ्या नव्या इमारतींत आता प्रत्येक खोलीचा वेगळा करार मिळतो. भाडं थोडं जास्त पडतं, पण दुसरीच्या थकबाकीशी आपला संबंध राहत नाही. अडचण एवढीच की, मैत्रीण निघून गेली तर तिच्या खोलीत मालक अनोळखी मुलगी आणून बसवू शकतो.

मैत्रिणींनी एकत्र राहणं अमेरिकेत कायद्यालाही फारसं रुचलेलं नाही, हे मला यानिमित्तानं कळलं. लाँग आयलंडवर बेल टेर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या नियमात कुटुंब म्हणजे रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तक नात्याचे कितीही लोक. नातं नसेल तर जास्तीत जास्त दोन. स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी तिथं घर भाड्यानं घेतलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७४मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयानं गावाची बाजू घेतली. निकाल लिहिला विल्यम डग्लस यांनी. थर्गुड मार्शल यांनी विरोधात लिहिलं. त्यानंतर कितीतरी विद्यापीठांच्या गावांत 'नातं नसलेले तीन' किंवा 'चार'च्या वर नकोत असे नियम राहिले. कोलोरॅडोनं असे नियम राज्यभर मोडीत काढले ते २०२४मध्ये.

गंमत म्हणजे विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नेमकी उलटी गोष्ट सांगत आल्या आहेत. एका घरात अमुक इतक्या बायका राहिल्या तर जुन्या कायद्याप्रमाणे ते वेश्यागृह ठरतं, म्हणून आमच्या कॉलेजात सरॉरिटीला घर नाही, अशी ती आख्यायिका. असा कायदा शोधणाऱ्या कुणालाच सापडलेला नाही. बेल टेरला विद्यार्थी संघटनांची घरंही नको होती, हे खरं. पण बहुतेक विद्यापीठी गावांच्या नकाशावर अशा घरांसाठी भाग आखून दिलेला असतो. चार मैत्रिणींच्या घराला मात्र तिथं नाव नाही.

ताईचा शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा होता. हाऊसच्या दाराला सांकेतिक कुलूप, रात्री बाई घरात. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. टॅलाहासीला काय ओमेगा या सरॉरिटीच्या घरात १९७८च्या जानेवारीत टेड बंडी शिरला आणि त्यानं दोन मुलींचा जीव घेतला. आयडाहोतल्या मॉस्को गावी २०२२च्या नोव्हेंबरात चार विद्यार्थ्यांचा खून झाला, तो मैत्रिणींनी मिळून भाड्यानं घेतलेल्या घरात. दोन्ही घटना अपवादाच्या, आणि दोहोंवरून कुठलंच घर दुसऱ्यापेक्षा सुरक्षित ठरत नाही. ताई गप्प बसली, पण पटलं असं म्हणाली नाही.

या दोन्हींच्या मधली एक वाट आहे, जिच्याकडे आपल्या लोकांचं लक्ष फारसं जात नाही. सहकार म्हटलं की मराठी माणसाला साखर कारखाना दिसतो. ॲन आर्बरच्या विद्यार्थ्यांनी १९३२मध्ये आणि बर्कलीच्यांनी १९३३मध्ये, मंदीच्या दिवसांत, सहकारी घरं काढली. ती आजही चालू आहेत. घर संस्थेचं, संस्था विद्यार्थ्यांची. दर आठवड्याला ठरलेले तास काम करायचं : कुणी भांडी, कुणी पन्नास जणांचं वरण. बर्कलीत शर्मन आणि हॉइट ही दोन घरं फक्त मुलींची आहेत. कढईचा तंटा तिथं कामवाटपाच्या तक्त्यावर सुटतो आणि भाडंही कमी पडतं.

आणखी एक वाट देशी मुलींनी स्वतः काढली. १९९८च्या अखेरीस ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये सिग्मा सिग्मा रो अशा दक्षिण आशियाई सरॉरिटी उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे सहसा खांबांची पांढरी घरं नाहीत, त्यामुळे भरायचे पलंगही नाहीत. सिस्टर म्हणायचं, दिवाळी एकत्र करायची आणि राहायचं आपापल्या अपार्टमेंटात.

मला विचाराल तर दुसरं वर्ष हाऊसमध्ये काढावं. अठरा-एकोणीसच्या वयात नवख्या गावात कुणीतरी ताट झाकून ठेवतं, याला मोल आहे. तिसऱ्या वर्षी बाहेर पडावं, कारण वीजबिल, तुंबलेला नळ आणि मैत्रिणीला "तुझी पाळी आहे" हे तोंडावर सांगणं कधीतरी शिकावंच लागतं, आणि ते तिथं शिकता येतं. फक्त पहिल्या वर्षी भेटलेली जिवाभावाची मैत्रीण आणि भाडं वेळेवर देणारी मैत्रीण एकच असेल, असं धरून चालू नये.

भाचीच्या गुणांचं म्हणाल तर ते भरपूर होते. तिला मुभा मिळाली. तिनं खोलीचा स्वतंत्र करार निवडला, हाऊसला बाहेरच्या सभासदाचे पैसे भरले आणि सोमवारच्या जेवणाला ती अजूनही जाते.

मुलीच्या करारावर हमीदार म्हणून सही करणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगायचं आहे. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर सल्ल्याचं कार्यालय असतं आणि तिथं भाडेकरार वेगळे पैसे न घेता वाचून देतात. सरॉरिटीचा निवासाचा कागदही तिथं दाखवून बघावा. सहीच्या आधी मुलीला तिथं पाठवा, आणि करार संयुक्त आहे की स्वतंत्र, हा प्रश्न तिला पहिला विचारायला सांगा.